विमानाच्या पूजेला पाचवी

गीताबाईनं आशाबाईच्या हातातलं कुंकवाचं ताट ओढून घेतलं आणि आपल्या सुनेच्या हातात दिलं.

"लढाईवर गेलेल्यांच्या घरच्या पाच सवाष्णी मांगितल्या ना साहेबानं? मंग माही पुष्पा काऊन नाही?"

रोहिणखेडची पाटलीण आशाबाई इकडेतिकडे पाहू लागली. मलकापूरच्या मैदानात तालुका लोटला होता. लढाई जिंकल्याचा सोहळा होता आणि मधोमध मालगाडीतून आणलेलं विमान, पंख पुन्हा जोडून, झेंडूच्या माळा घालून उभं केलं होतं. हे ब्रह्मदेशात लढून आलंय, असं कर्ण्यावरून कोणीतरी घसा ताणून सांगत होतं. माणसांचा पत्ता लागत नाही, लोखंड मात्र जपून आणलं मेल्यांनी. त्याची पूजा करायची टूम कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण साहेबाला ती फार आवडली होती.

"तसं नाही, गीताबाई," आशाबाई हळूच म्हणाली. "लढाई सरून साल झालं. इंद्रभानचा काही पत्ता नाही. अशा कामात बाया शंका घेतात."

"बेपत्ता म्हणून तार आली. मेला म्हणून आली का?"

गीताबाई सकाळपासून भांडतच होती. आधी गाडीवानाशी, मग फाटकावरच्या शिपायाशी, आता पाटलिणीशी. तिचं स्वतःचं कपाळ कधीचंच पांढरं झालेलं, त्यामुळे ताट घेऊन ती पुढं होऊ शकत नव्हती. आणि सून मागं राहिली, तर अख्ख्या तालुक्यादेखत तिचा पोरगा मेला असं ठरणार होतं. ते ती कशी चालू देईल?

"हे इमान आलं ना थ्या मुलखातून? पोटाले ठिगळं लावून आलं, पन आलं. म्हंजे रस्ता हाये. माहा इंद्रभानही येईन. बोला ना, आता काऊन गप?"

आशाबाईनं चरफडत वाट सोडली.

"जाय माय पुष्पा. लाव कुंकू," गीताबाई म्हणाली.

पुष्पा विमानापाशी गेली. तिनं कुंकवात बोट बुडवलं, उचललं आणि ते तसंच राहिलं. कर्ण्यावरचं बोलणं चालूच होतं. मग तिनं ताट चाकाजवळ खाली ठेवलं, बोट पदराला पुसलं आणि एका बाजूला विधवा बाया उभ्या होत्या, त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

गीताबाई तरातरा गेली आणि तिनं सुनेचा दंड धरला.

"काय करून राह्यली तू? सकाळपासून भांडून राह्यली मी कोनासाठी? कुंकू हाये ना तुह्या कपाळावर?"

"हाये."

"मंग?"

पुष्पानं मान वर केली नाही.

"थे मी तुमच्यासाठी लावत होती, आत्याबाई. तार आली तवा तुम्ही जेवन सोडलं होतं."

 गीताबाईनं धरलेला दंड सोडला नाही. तेवढ्यात आशाबाई धापा टाकत आली.

"अवो, साहेब येऊन राह्यले. पुष्पा येते का नाही?"

गीताबाई सकाळपासूनच्याच आवाजात तिच्यावर खेकसली.

"दुसरी पाहा कोनी. माही सून सवाष्ण नाही."