नीलकंठाच्या पंखातले चुकलेले टाके

कुंदाताईंना माहेरी जाऊन नऊ दिवस झाले होते आणि अनंतराव अजून एका पक्ष्याशी झुंजत होते.

पक्षी म्हणजे नीलकंठ. पळसाच्या फांदीवर बसलेला, दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेला. दिवाळीपासून कुंदाताई तो भरत होत्या. जाताना त्यांनी तो टेबलावर पसरून ठेवला. "हे नीट पाहा. समजलं तरच फोन करा," एवढंच बोलल्या आणि मारेगावच्या स्टँडवरून मुकुटबनची बस धरली. तिथे त्यांचा धाकटा भाऊ पुंडलिकराव शेती करतो.

भांडण तसं किरकोळ होतं, असं अनंतरावांचं मत. वरणात खडा आला, तोही आठवड्यात तिसरा. दाढ ठणकली आणि तोंडातून निघून गेलं, "डोळे फुटले काय तुझे?" चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी याहून कडू शब्द पचवले होते. मग याच वेळी बॅग कशाला भरायची? उत्तर त्या चित्रात होतं आणि ते सापडल्याशिवाय बायको परत येत नव्हती. घर तर खायला उठलं होतं.

आता चित्रात वाचायचं काय, असं तुम्ही विचाराल. पण या दोघांचं लग्नच मुळी गुप्त लिपीतून जुळलेलं. साखरपुड्यानंतर अनंतरावांचे वडील घरात आलेलं प्रत्येक पाकीट फोडत. म्हणून कुंदाताईंनी युक्ती काढली: पहिला आकडा वर्गाचा, दुसरा त्या वर्गातल्या अक्षराचा. क-वर्ग एक, च-वर्ग दोन, असं पाचापर्यंत. काना-मात्रा ज्याने त्याने समजून घ्यायच्या. पानभर आकडे पाहून वडील खूश झाले, सून गणितात हुशार दिसते म्हणाले.

शिवाय अनंतरावांनी पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून शेतांच्या हद्दी मोजलेल्या. सरळ रेघेतलं वाकडं त्यांना लगेच दिसे. पंखात निळ्याच्या मधे हिरवे टाके घुसले होते आणि तेही टप्प्याटप्प्याने. कुंदाताईंचा टाका चुकेल ही गोष्टच अशक्य. हळदीकुंकवाला गेल्या तरी लोकांच्या तोरणातला चुकलेला टाका दाखवून येणारी ही बाई! म्हणजे हे मुद्दाम केलेलं होतं. निरोपच होता.

अनंतरावांनी आलेखाचा कागद घेतला. पहिल्या ओळीत तीन हिरवे, जरा पुढे दोन. ट-वर्गातलं दुसरं अक्षर, ठ. पुढे पाच आणि पाच, म. मग एक आणि चार, घ. शेवटी चार आणि पाच, न. ठमघन. त्यांनी काने दिले, मात्रा दिल्या, तरी ठमघन ते ठमघनच राहिलं. मग उलटं वाचलं, नघमठ. शेवटचा 'मठ' दिसला आणि बायको संन्यास घेते की काय असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन लावला.

"पुंडलिकराव, ताई देवाधर्माचं जास्त बोलून राह्यली काय? मठात-बिठात जायचं?"

"मठात कायले जाईन जी भाऊजी? ते तं वसरीत बसली आहे. चित्र समजलं काय, विचारून राह्यली."

"समजत आहे थोडं थोडं," अनंतराव चाचरत म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दहाव्या दिवशी त्यांनी कुंदाताईंचा शिवणाचा डबा उघडला. आत सुया टोचायची छोटी उशी होती. तिच्यावर एका रांगेत सात सुया, सातही ओवलेल्या, प्रत्येकीत वेगळा रंग. अनंतराव जागीच उडाले. किल्ली सापडली! पांढरा एक, पिवळा दोन, निळा तीन. त्यांनी सगळं नव्याने मांडलं. तासाभराने जे हाती आलं ते ठमघनपेक्षाही भयंकर होतं. आपलं डोकं चालेनासं झालं की काय, अशी भीती त्यांना पहिल्यांदा वाटली.

तेवढ्यात तानाबाई झाडायला आली. बारा वर्षांपासून तीच घरकाम करायची.

"त्या सुयाइले काहून हात लावून राह्यले जी? मांगं-पुढं करू नोका. मीच ओवून देल्त्या."

"तू? कायले?"

तानाबाईने झाडू खाली ठेवला. तिने इकडेतिकडे पाहिलं, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "ताईले सुईचं नाकं दिसत नाही ना जी. दिवाळीपासून. निळा-हिरवाही समजत नाही. रोज सकाळी मले म्हनत, सात ओव आन रांगेनं टोच, तिसरी निळी आन चौथी हिरवी. बोटानं मोजून घेत. माहं कुठं ध्यान राहते? एखाद्या दिवशी रांग चुके. मंग त्या दिवशीचे टाके तसेच पडत. मी सांगो तं म्हनत, राहू दे."

अनंतरावांनी पंखाकडे पाहिलं. तीन हिरवे, दोन हिरवे, पाच, पाच. टाके चुकले होते, हाच निरोप होता.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमालेच सांगू नोको म्हनत. त्याईच्या मायचे डोळे गेले तं घरच्याइनं तिले कोपऱ्यात बसवलं, मरेपर्यंत चुलीजवळ येऊ देल्लं नाही. माहंही तसंच करतीन म्हनत."

तानाबाई झाडायला लागली. अनंतराव खुर्चीत बसले. कुंदाने अंदाजाने डाळ निवडली होती, बोटांनी, सहा महिने. आणि आपण तिला काय बोललो होतो! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तानाबाई खोलीत असताना मान वर करवेना.

मग त्यांनी सातही सुयांतले दोरे ओढून काढले आणि स्वतः ओवायला घेतले. पहिली सुई ओवायला पाऊण तास लागला. दोरा थुंकीने ओला केला, कातरला, खिडकीशी नेला, चष्मा काढला, पुन्हा घातला. सातवी ओवली तेव्हा दुपार टळली होती.

संध्याकाळी ते मुकुटबनला पोचले. कुंदाताई ओसरीवर बसल्या होत्या.

"वाचलं चित्र?"

"आधी ठमघन वाचलं," अनंतराव म्हणाले. "मग तानाबाईनं सांगितलं." त्यांनी उशी कुंदाताईंच्या हातात दिली. "या मी ओवल्या. चुकलं माझं, कुंदा. फार वाईट बोललो."

कुंदाताईंनी रांगेवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. सात होत्या.

"यातली निळी कोणती?" त्यांनी विचारलं. सहा महिन्यांत हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच विचारला होता.

अनंतरावांनी त्यांचं बोट धरून तिसऱ्या सुईवर नेलं. अनंतरावांचेच डोळे भरून आले आणि रांग त्यांनाही दिसेना.

"उद्या वणीले डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ," ते म्हणाले.

"जाऊ. डॉक्टर काय म्हनायचं ते म्हनो, वरणाची डाळ मीच निवडीन," कुंदाताई म्हणाल्या. "खडा आला तं गपचूप काढून ठेवायचा. तुम्ही फक्त सुया ओवा."

"हो," अनंतराव म्हणाले.