सलोमीबाईचं चर्च

माघाची सकाळ. दवभारानं वाकलेली ज्वारी, धुक्यात विरघळलेला नदीकाठ, आणि त्या हिरव्या विस्तारात ध्यानस्थ उभं काळ्या पाषाणाचं चर्च. निमुळत्या कमानी, उंच उतरतं छप्पर, पूर्वेच्या रंगीत काचांतून ओघळणारी उन्हं : निळी, माणिकलाल, मधासारखी पिवळी.

ते सारे रंग आज करुणाच्या पदरावर सांडले होते.

शेवटच्या बाकावर सलोमीबाई बसली होती. या चर्चची गोष्ट मुलांना आजवर तिनंच सांगितली; संडे स्कूलच्या कितीक पिढ्या तिचं बोट धरून या खांबांमधून फिरल्या. नाताळानंतर चर्चच्या पाळकांनी तो वर्ग नव्या टीचरला, करुणाला दिला. आता करुणाची तरणी बोटं खांबांवरून फिरत होती, आणि मुलं तिला बिलगली होती, गुळाला मुंग्या लागाव्यात तशी. सलोमीबाईचे खांब, सलोमीबाईच्या कमानी, सलोमीबाईची मुलं.

ती करुणा चुकण्याची वाट पाहत होती.

"टीचर, छप्पर एवढं उभं का?" छोट्या रूथनं विचारलं.

"पाऊस झरझर वाहून जावा म्हणून."

सलोमीबाई उठली. डोळ्यांत विजेची लकेर. "पावसासाठी नाही, बर्फासाठी. नकाशा काढणारा पाद्री विलायतेचा. त्याच्या गावी छपरावर बर्फ साचायचा. त्यानं तसंच काढलं, आपल्या पाथरवटांनी तसंच बांधलं."

"आपल्याकडं बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर असतो, आजी," योना म्हणाला.

हशा पिकला. मग रूथ करुणाकडे वळली. "टीचर, आजी सांगतात ते खरं का?"

काट्यासारखं रुतलं ते. खऱ्यालाही आता त्या तरण्या ओठांची मोहर लागत होती.

"खरंच असणार. मला ठाऊक नव्हतं." करुणा मुलांमध्ये मांडी घालून बसली. "आजी, सगळं सांगा ना."

ऐकतानाही ती सुंदर दिसत होती.

सलोमीबाईनं सांगितलं. बैलगाड्यांतून आलेले पाषाण, शिशाच्या पट्ट्यांत गुंफलेल्या काचा, आगबोटीतून पेंढ्यात निजून आलेली घंटा. शब्द झरत गेले, झरत गेले. आणि तिनं पाहिलं, करुणाचे ओठ प्रत्येक शब्द हलकेच पुन्हा म्हणत होते; पुढच्या रविवारसाठी वेचून ठेवत होते.

मधल्या कमानीच्या माथ्याचा दगड सलोमीबाईच्या आजोबांनी बसवला होता. खालचा लाकडी आधार काढताना आजोबा त्या कमानीखालीच उभे राहिले होते. पडली तर आपल्यावर पडावी म्हणून.

तेवढं तिनं सांगितलं नाही.

करुणामागून मुलं घंटेकडे धावली. पावलं विरली, हसू विरलं. सलोमीबाई कमानीखाली येऊन उभी राहिली, मान वर करून, एकटी. वर तो दगड : काळा, मुका, तिचा. फक्त तिचा.