तिसरं कोटेशन

कागदावर ती गाडी माझी हाय. आरसी बुक काढून बघा, तुळजाबाई उत्तरेश्वर असं ठळक लिव्हलंय. पर त्या गाडीत मी बसले किती येळा, तर एकदा. ते बी ती अंगणात उभी असताना. ह्यांनी खालून वरडायचं अन् मी ब्रेक दाबायचा, बास.

आमचे हे साखर कारखान्याच्या गॅरेजात मिस्त्री व्हते. मी युसूफ वडगावची. माझे आई-बाप जलमभर ऊस तोडायला गेले अन् त्यांच्या मागं मी बी गेले. सात वर्साची असल्यापासून फडात वाढ्याच्या, म्हंजी उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधल्यात. म्हणून लग्नाच्या टायमाला बापाला एकच सांगितलं, पगारी माणूस बघा, कोयता परत हातात धरायचा न्हाई. ह्यांनी बी लग्नात शब्द दिला, "माझ्या जिवात जीव हाय तवर तुला फडात जाऊ देणार न्हाई." त्या शब्दावर मी पंधरा वर्सं संसार केला.

माणूस वाईट न्हाई, खोटं कावून बोलू? दारू न्हाई, पत्ते न्हाई. येड एकच, गाडीचं. चांगल्या पाऊसपाण्याच्या सालात कारखान्याच्या चेअरमननं काळी जर्मन गाडी आणलती. बाकीच्या गाड्या स्प्रिंगवर चालतात, ही हवेवर. चारी चाकांपाशी रबराचे फुगे, अन् कोणत्या फुग्यात किती हवा भरायची ते सीटखालचा कॉम्प्युटर ठरवणार. हवा गेली की म्हशीवानी पोटावर बसायची. हे जेवताना बी तेच. "तुळजे, खड्डा आला तर तिला आधी कळतं." मी म्हणायचे, "तुमाला भाकर गार झालेली कळंना, अन् गाडीचं कवतिक सांगताव."

मग दुष्काळ पडला. एक साल न्हाई, लागोपाठ तीन साल. ऊसच न्हाई तर कारखाना काय पेटणार? गावात चौथ्या दिवशी टँकर यायचा. संचालक मंडळानं ठरवलं, गाड्या विकायच्या. काळी गाडी चेअरमनच्या पुतण्याला जाणार हे आदीच ठरलेलं. पर नियमाला तीन कोटेशनं लागतात. एक खरं, दोन नावापुरती. कारखान्यात ही रीतच व्हती. ऑइल असो, टायर असो, शिवलिंग क्लार्क आकडा सांगायचा अन् कामगार आपापल्या बायकांच्या नावानं पाकीट भरायचे. आमच्या गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांना ठाऊक नसताना लिलाव लढवलेत!

तिसरं कोटेशन माझ्या नावानं भरायचं ठरलं. ह्यांनी कागद पुढं केला. मी इचारलं, "काय हाय?" म्हणाले, "कारखान्याचं हाय, कर सही." मी केली. शिवलिंगनं ह्यांना पुतण्यापेक्षा कमी आकडा सांगितलता. ह्यांनी पुतण्याच्या वरचा टाकला. माझ्या पाटल्यांवर डोळा ठेवून टाकला, ते मला पाटल्या मोडल्यावर कळलं.

त्या दिवशी जिल्ह्याचा साहेब पाकिटं फोडायला बसला व्हता, म्हणून अदलाबदल करता आली न्हाई. चेअरमन हसून म्हणाला म्हणं, "द्या, द्या, वहिनींना गाडी द्या." चौथ्या दिवशी ह्यांना कामावरनं काढलं. अन् गाडी ट्रॅक्टरला बांधून, पोट घासत, आमच्या अंगणात आणून सोडली. सीटखालचा कॉम्प्युटर गायब. वायरी कुणी तरी नीट कात्रीनं कापल्या व्हत्या.

मी तोंड बडवून घेतलं. "आवो, सगळ्या जगानं खोटी कोटेशनं भरली, तुमालाच खरं भरायची दुर्बुद्धी कावून सुचली?"

"लई स्वस्तात मिळाली, तुळजे. पुण्यात असली गाडी..."

"नोकरी धरा की तिच्या किमतीत! माझ्या पाटल्या धरा!"

हे गाडीखाली शिरले, ते पाच महिने शिरले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. टँकरच्या रांगेत मी कळशीसाठी भांडायचे, अन् हे फडकं भिजवून तिची काच पुसायचे. मला असा राग यायचा, दगड घ्यावा अन् घालावा त्या काचंत.

दसऱ्याच्या आदी शिवलिंग आला. बाजंवर बसला, गोड बोलला. "वहिनी, चेअरमनसाहेबाचं मन मोठं हाय. गाडी पुतण्याच्या नावावर करून द्या, उत्तरेश्वरला परत कामावर घेतो. सोमवारी कागद घेऊन येतो." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डब्याच्या तळाची साखर खरवडून मी त्याला च्या केला. हे खाली मान घालून "बरं" म्हणाले. रईवारी मी ह्यांचे खाकी कपडे धुवून वाळत घातले. प्यायला राखलेलं पाणी त्याला वापरलं अन् वाईट वाटलं न्हाई.

सोमवारी सकाळी ह्यांनी हाक मारली, "तुळजे, आदी हिकडं ये." भंगारातली ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी ह्यांनी डिकीत बसवली व्हती. कॉम्प्युटरच्या जागी चार साधे कॉक, हातानं फिरवायचे. एक फिरवला, गाडीचा पुढला एक कोपरा उचलला. दुसरा फिरवला. हळूहळू गाडी चारी बाजूनं वर आली अन् सपाट उभी राहिली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नात बघितलं न्हाई, लेक झाली तवा बघितलं न्हाई, असं तोंड मी ह्या माणसाचं कंदीच बघितलं नव्हतं.

शिवलिंग फाटकात येऊन उभा व्हता. त्यानं बी बघितलं. मग कागद माझ्यापुढं धरला, "वहिनी, हितं सही." मी पेन घेतला.

"ती सही करणार न्हाई," हे गाडीतनंच बोलले.

मालकीण मी, पेन माझ्या हातात, अन् मला कुणी इचारलं न्हाई. मला तोंड न्हाई का? गावात माझ्या तोंडाला लोक भितात. पर त्या टायमाला ह्यांचं तोंड बघून माझी जीभ आडली, अन् ती चूक माझी हाय. मी पेन परत दिला. शिवलिंग म्हणाला, "बघा बाबा तुमचं," अन् गेला. दुपारपर्यंत गाडी परत पोटावर बसली. कुठून तरी हवा गळतच व्हती.

महिन्याभरात धुळाजी मुकादमाचा ट्रक दारात आला. ऊसतोडीत एकटं माणूस धरत न्हाईत. नवरा-बायको मिळून एक कोयता. ह्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, शब्दाचं नाव काढलं न्हाई. मीच बोचकं बांधलं. लेक सासूबाईंपाशी ठेवली. ट्रकातल्या बाया म्हणाल्या, "मालकीणबाई, जर्मन गाडी सोडून हितं कावून?" सगळ्या हसल्या. मी बी हसले, काय करता?

बेळगावाकडच्या फडावर उतरलो. सगळ्यांच्या कोप्या उभ्या राहायला लागल्या. ह्यांनी बांबू रोवले, मी चटया लावल्या. वर टाकायला ताडपत्री काढावी म्हणून बोचकं सोडलं. ताडपत्री मी सोता बाजारातनं आणलती, सोता घडी घालून बांधलती. आता न्हाई. सगळं बोचकं उलटं केलं, तरी न्हाई.

"आवो, ताडपत्री कुठं हाय?"

हे बांबूला दोरी आवळत व्हते. म्हणाले, "गाडीवर टाकून आलो. धुळीनं कॉक जाम व्हतात."

"अन् मी?"

"तुझं बघू की उद्या," म्हणाले, अन् दोरीला गाठ मारली.