दोन विहिणी आणि एक छत्री

आमच्या इमारतीत मला दोन आया आहेत. तिसऱ्या मजल्यावर आमच्यासोबत राहतात त्या सासूबाई, त्यांना मी 'अहो आई' म्हणते. तळमजल्यावर मागच्या बाजूच्या खोलीत राहते ती माझी स्वतःची आई, तिला 'अगं आई'. बाबा गेल्यावर ही खोली मीच तिला बघून दिली. मुलीच्या सासरी राहायचं नाही हा हट्ट तिचा, आणि मुलीपासून लांब राहायचं नाही हाही तिचाच. तळमजला हा दोन्हीवरचा तोडगा.

सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. अजूनही जिन्यात कुणी पोक काढून चाललं, तर त्या नुसतं 'पाठ' म्हणतात आणि माणूस ताठ होतो. आई शिवणकाम करते. आता बहुतेक दुरुस्तीचंच असतं: पँट आखूड कर, चेन बदल, पडद्यांना पट्ट्या लाव. दोघी एकमेकींना 'विहीणबाई' म्हणायच्या आणि इतकं जपून बोलायच्या, की ऐकणाऱ्याचाच जीव अवघडून जावा. सासूबाई मुलाच्या आई, म्हणून त्या आपणहून कुणाकडे जायच्या नाहीत. आई मुलीची आई, म्हणून ती उगाच वर यायची नाही.

दोघींच्या टीव्हीच्या कंपन्याही वेगळ्या. सासूबाईंची डिशची छत्री गच्चीवर, निळ्या कंपनीची. आईची खिडकीच्या गजांना आवळून बांधलेली, पिवळ्या कंपनीची. निळीवर टेनिसचं चॅनल होतं, पिवळीवर जुन्या सिनेमांचं. एकीकडचं दुसरीकडे कितीही मोठा पॅक घेतला तरी मिळायचं नाही, कारण दोन्ही कंपन्यांमध्ये हाडवैर. आणि माझ्या दोन्ही आयांना आपापल्या कंपनीचा अभिमान असा, जणू तेच माहेर.

"निळीचं चित्र कधी अडकत नाही," सासूबाई म्हणायच्या.

"पिवळीवाले फोन तरी उचलतात," आई मला सांगायची, म्हणजे मी ते वर पोचवावं.

मग एकदा सासूबाईंच्या फिरायला जायच्या पँटचं इलॅस्टिक सैल झालं. मी दुकानात होते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, संध्याकाळशिवाय सुटका नसते. म्हणून त्या स्वतःच खाली गेल्या. आईच्या टीव्हीवर एक काळापांढरा सिनेमा चालू होता. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या, मग उंबऱ्याच्या आत, मग खुर्चीच्या कडेवर. मी घरी आले तेव्हा सिनेमा संपत आला होता.

"नायकाला धावता येत नाही," त्या आईला सांगत होत्या. "हात बघा कसे लोंबकळतायत. असा धावला तर ती बाई त्याला कधीच सापडायची नाही."

"धावणं राहू द्या, तिची बाही बघा," आई म्हणाली. "खांद्याला इतक्या बारीक चुण्या हाताने घातल्यात. आता असं कुणी करत नाही."

पँट द्यायला आई वर आली तेव्हा टेनिसचा सामना चालू होता. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खेळणाऱ्या मुलीच्या स्कर्टची शिवण तिने लांबूनच ओळखली, आणि सासूबाईंनी तिला गुण कसे मोजतात ते समजावलं. शून्याला शून्य न म्हणता 'लव्ह' का म्हणतात यावर दोघींनी बराच वेळ डोकं लावलं.

तेव्हापासून आमच्या घरातल्या कपड्यांची दशा झाली. सिनेमा बघायचा तर खाली जायला कारण हवं, म्हणून सासूबाई काहीतरी उसवलेलं शोधायच्या. सापडलं नाही तर उसवायच्या. टेनिस असलं की आई तेच कपडे घेऊन वर. माझ्या नवऱ्याच्या पँटी इतक्यांदा आखूड आणि लांब झाल्या, की शेवटी तो म्हणाला, "माझी उंची नक्की किती आहे ते एकदा दोघींनी मिळून ठरवा."

असं सुरळीत चाललेलं असताना बातमी आली, की निळी आणि पिवळी एकत्र येणार.

आधी नुसतीच बोलणी चालू आहेत म्हणाले. मग फिसकटली म्हणाले. मग पुन्हा जुळतंय, पण सरकारची परवानगी बाकी आहे.

"यांचं ठरतंय का मोडतंय, एकदा काय ते सांगा म्हणावं," सासूबाई वैतागल्या.

"आधी मुलगा कोणाचा आणि मुलगी कोणाची ते कळू दे," आई म्हणाली. "म्हणजे कोणी कोणाचं ऐकायचं ते समजेल."

त्यावर दोघी इतक्या हसल्या, की आईच्या तोंडातली टाचणी खाली पडली आणि आम्ही सगळे ती शोधत बसलो.

नवऱ्याला मात्र ही सोयरीक पसंत नव्हती. "दोन होत्या तेव्हा एकीने त्रास दिला की दुसरीकडे जातो अशी धमकी तरी देता यायची," तो म्हणाला. "आता धमकी द्यायची कोणाला?"

त्याचं म्हणणं सुरुवातीला खरं ठरलं. कंपन्या एक झाल्या त्या आठवड्यात सगळ्या चॅनलांचे नंबर बदलले. टेनिसच्या नंबरावर कार्टून लागायचं, सिनेमांच्या नंबरावर शेअर बाजार. फोन केला तर एक गोड आवाज 'आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात' असं सांगून बासरी वाजवायचा. पिवळीवालेही आता फोन उचलेनासे झाले, आणि आईला ते फार लागलं. ती म्हणाली, चांगल्या घरात पडून बिघडले.

शेवटी डिशवाला आला. गडी मोठा कामाचा. आईच्या खिडकीची पिवळी छत्री आता चालणार नव्हती, ती त्याने सोडवली. वरच्या निळ्या छत्रीतूनच एक वायर गच्चीवरून खाली आणून आईच्या टीव्हीला जोडली. दोघींना नवे बॉक्स दिले, दोघींसमोर बसून चॅनल लावून दाखवले.

"आता दोन्हीकडे सगळं दिसणार," तो म्हणाला. "कुणाला कशाची कमी नाही."

"चला, बरं झालं," आई सासूबाईंना म्हणाली. "तुम्हाला आता जिने उतरायला नकोत. गुडघ्यांना तेवढाच आराम."

"तुम्हालाही चढायला नको," सासूबाई म्हणाल्या.

दोघी आपापल्या परीने चांगलंच बोलल्या होत्या. पण मला मागाहून कळलं की आईला वाटलं, यांना माझं येणं नकोसं झालं होतं. आणि सासूबाईंना वाटलं, ही बाई इतके दिवस निव्वळ भिडेपोटी मला बसवून घेत होती.

झालं. येणंजाणं थांबलं.

पहिल्या सिनेमाला सासूबाई मोठ्या थाटात सोफ्यावर बसल्या. थोड्या वेळाने बघते तर मान कलंडलेली, घोरणं चालू. पुढच्या सिनेमालाही तेच. "सिनेमेच रटाळ लावतात हल्ली," असं त्यांचं म्हणणं. खाली आईने टेनिस लावलं, आणि सामना ऐन रंगात आला की तिचा मला फोन.

"अगं, दोघींचे गुण सारखे झाले की पुढे काय करतात?"

मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत असायचे. मग मी सासूबाईंना फोन लावायचा, त्यांनी मला सांगायचं, मी आईला सांगायचं. उलट दिशेने सासूबाईंचे प्रश्न: "सहज विचारते, त्या हिरॉइनच्या कोटाला आतून अस्तर असेल का? आईंना विचार. माझं नाव सांगू नकोस."

एके दिवशी दुकानात गर्दी होती आणि अस्तराचं विचारायला तिसऱ्यांदा फोन आला. मी म्हटलं, "अहो आई, डिशवाल्याने एवढी वायर टाकली ती काय कमी होती, म्हणून मला मध्ये जोडलंत?"

त्यांनी फोन ठेवून दिला. मलाच वाईट वाटलं. रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला. "आई, सरळ खाली का जात नाहीस?"

"कोणी बोलावलंय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि जाऊन सांगू काय? घरात टीव्ही आहे, चॅनल आहे. उसवलेलंही काही नाही."

आईला विचारलं तर तिचंही तेच. "आधी हातात काम असायचं. आता रिकाम्या हाताने मुलीच्या सासरी जाऊन बसू? लोक काय म्हणतील ते सोड, विहीणबाई काय म्हणतील?"

मी दोघींना काही समजवायला गेले नाही. दोन्हीकडून बोलणी मलाच खावी लागली असती.

त्या रविवारी टेनिसची अंतिम फेरी होती. सासूबाईंनी लवकर आवरलं, केस विंचरले, आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला. पहिला डाव संपला, दुसरा चुरशीत आला, आणि दाराची बेल वाजली. बाहेर आई. काखेत कुणाच्यातरी भल्यामोठ्या पडद्याची गुंडाळी, तोंडात दोरा. जिना चढून दम लागला होता.

मी बाजूला झाले. आई दारातच थांबली आणि सोफ्याकडे बघून म्हणाली, "विहीणबाई, राग मानू नका. पण आमच्या टीव्हीवर चेंडू फार बारीक दिसतो. तुमच्याकडे मोठा दिसतो."

आईचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे. तो मी, नवऱ्याने आणि आईने मिळून दुकानातून आणला होता, आणि त्या दिवशी खोका जिन्यापाशी धरायला सासूबाईच होत्या.

सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग सोफ्यावरची उशी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली.

"दिसणारच," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर सिग्नल चांगला येतो. बसा. ती उंच मुलगी मागे आहे, पण तिच्यात दम आहे अजून."

"हिने केस का कापले?" आईने विचारलं.

"हरत होती म्हणून. नवरा सोडून गेला की बायका पडदे बदलतात ना, तसं."

आई हसली आणि तिने पडद्याचं एक टोक सासूबाईंच्या गुडघ्यांवर टाकलं. सासूबाईंनी ते न विचारता ताणून धरलं. आईने टीव्हीवरची नजर न काढता टाके घालायला सुरुवात केली. उंच मुलगी तो सामना हरली. दोघींना त्याचं मनापासून दुःख झालं, आणि पंचाला चष्मा लागलाय यावर त्यांचं ताबडतोब एकमत झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू तो माझ्याच दुकानातून नेला असावा.

त्यानंतर कारणं लागेनाशी झाली. खालच्या टीव्हीवर काळापांढरा रंग जास्त खुलतो असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि त्या सिनेमाला खाली जायला लागल्या. कंपनी एक झाल्याची एकच खरी अडचण पुढे आली: जुना सिनेमा आणि मोठा सामना एकाच वेळी लागला की काय बघायचं. आधी हा प्रश्नच नसायचा, ज्याच्या घरी बसलो ते बघायचं. आता दोन्हीकडे दोन्ही दिसतं, म्हणून भांडण होतं. चांगलं खणखणीत भांडण होतं, अगदी सख्ख्या बहिणींसारखं. रिमोट एकीच्या हातात आणि सेल दुसरीच्या मुठीत, इथपर्यंत मजल जाते. जिन्यात भेटल्यावर दोघी एकमेकींची तक्रार मलाच सांगतात, पण आता कोणीही 'माझं नाव सांगू नकोस' म्हणत नाही.

गेल्या रविवारी दुपारी असाच वाद रंगला होता. नवरा दोघींच्या मध्ये बसून मान इकडून तिकडे वळवत होता. मी आईच्या खोलीची किल्ली घेतली आणि खाली गेले. पंखा लावला, खिडकी उघडी ठेवली. छत्री गेल्यापासून त्या खिडकीतून उजेड बराच येतो. आईच्या पलंगावर शिवायच्या कापडांचा ढीग होता, तो जरा सरकवला आणि तिथेच आडवी झाले. वरून काही ऐकू येत नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत झोपले, आणि मला कोणी उठवलं नाही.