बियांना पॉलिश पेपर

"अहो, दगड पेरलेत का तुम्ही? दीड महिना झाला!" बायकोनं दुकानाच्या दारातल्या उघड्याबोडक्या कुंड्यांकडे बोट दाखवलं.

पंक्चरवाले काका ट्यूबवर पॉलिश पेपर घासत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तीस वर्षांच्या संसारात एवढी कला कुणालाही साधते. पण मनातून ते धास्तावले होते. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दरवर्षी निळी रानफुलं फुलायची. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती दिसली की काकांचा दिवस बरा जायचा. यंदा तिथे बुलडोझर फिरला आणि नव्या इमारतीची भिंत उभी राहिली. त्याआधी काकांनी वेचून ठेवलेल्या बियांपैकी डबीत आता उरल्या होत्या फक्त बारा. त्या वाया गेल्या की फुलं या रस्त्यावरून कायमची गेली.

बायकोनं एक बी दाताखाली धरून पाहिली. "बाई गं, दात पडेल माझा! अहो, घासल्याशिवाय ट्यूबला तरी सोल्यूशन धरतं का? मग हिच्यात पाणी शिरणार कुठून?"

काकांनी कपाळावर हात मारला. जन्मभर हातात पॉलिश पेपर, आणि हे सुचलं बायकोला! त्यांनी लगेच एक बी घासली, ती सवयीच्या जोरानं. तिचं पीठ झालं. दुसरीचंही तेच. काकांचा चेहरा रडवेला झाला.

"द्या इकडे. बी आहे ती, ट्रकची ट्यूब नाही!"

उरलेल्या दहा बिया तिनं तान्ह्या बाळाची नखं कापावीत तशा हलक्या हातानं घासल्या आणि दुकानातल्याच पाण्याच्या घमेल्यात भिजत टाकल्या. काका वाकून बघत राहिले.

"काय बघताय एवढं?"

"बुडबुडे येतात का ते."

बायको हसता हसता खालीच बसली.

चार बिया रुजल्या. एक रोप गोगलगायीनं मटकावलं, दोन उन्हानं गेली. राहिलेलं एक मात्र निळंभोर फुललं. एका गिऱ्हाइकानं फूल तोडायला हात पुढे केला, तर काका असे खेकसले की बिचारा हवा न भरताच सायकल ढकलत निघून गेला.

शेंगा वाळल्यावर मूठभर बिया निघाल्या. त्या बायकोनंच घासल्या. काकांना कागदाला हातसुद्धा लावू दिला नाही.

नव्या भिंतीच्या कडेला वीतभर मातीची पट्टी उरली होती. सकाळीच दोघं तिथे उकिडवी बसलेली पाहून वॉचमन ओरडला, "ओ काका, काय चाललंय तिथं?"

"पंक्चर काढतोय," काका म्हणाले. आणि ठिगळ धरेपर्यंत दाबावं तसा अंगठा त्यांनी मातीवर जरा वेळ दाबून ठेवला.