काचेच्या चौकातला गारवा

व्याही पाच वाजता येणार होते आणि दुपारी दोनला काचेच्या चौकातली गार हवा बंद पडली.

मिस्त्रींना घाम फुटला, तोही दोन कारणांनी. चौक सात मजले उंच. दुकानं खालच्या एकाच मजल्यावर, वर नुसती हवा, तिच्यावर काच आणि काचेवर ऊन. हे सगळं आपण गार ठेवतो, असं मिस्त्री अठरा वर्षं घरी सांगत आले होते आणि घरच्यांनी ते सोसलं होतं. व्याह्यांनी मात्र लेकीचं लग्न ठरवतानाच विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही बटण दाबता?" मिस्त्री बोलून गेले, "एकदा या, दाखवतो." व्याही ते विसरले नाहीत.

तळघरातलं यंत्र तिसऱ्यांदा सुरू होऊन धापा टाकत बंद पडलं, तसे मिस्त्री काठी घेऊन वर आले. काठीच्या टोकाला पातळ कागदाची पट्टी. ती जमिनीलगतच्या जाळीपाशी धरून वारा बघायचा, ही त्यांची जुनी रीत. यंत्र चालू केलं की पट्टी झकास फडफडत होती. मग घोडं अडलंय कुठे? त्यांची नजर खांबावर गेली. तापमान मोजणारी डबी जागेवर नव्हती. तिथे फुलदाणी होती.

"साहेब, डबी?"

"वर छताला लावली कालच," व्यवस्थापक म्हणाले. "खांबावर बरी दिसत नव्हती."

"छतापाशी त्रेचाळीस अंश असतात. यंत्राला वाटतंय, गिऱ्हाइकं तिथेच लटकून खरेदी करताहेत. जीव तोडून पळतं आणि कोलमडतं."

साहेबांनी वर पाहिलं. बहुधा खात्री करून घेतली.

"आणि छताच्या झडपा कुणी बंद केल्या?"

"मीच. पाखरं येतात. शिवाय गार हवा निघून गेली असती."

"गार हवा जड असते, साहेब. एकदा खाली बसली की उठत नाही. आपल्या कार्यालयात बघताच की तुम्ही. जाते ती गरम, तिला वाट द्या."

मिस्त्रींनी डबी उतरवून खांबावर लावली, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. झडपांचं चाक हाताने फिरवायचं, नव्वद फेरे. साठाव्या फेऱ्याला त्यांना आपलं वय आठवलं, पण व्याही आठवले आणि उरलेले तीस निघाले. पाखरांसाठी जाळी ठोकली. यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी ते मांजरासारखं गुरगुरत राहिलं. वरचा उन्हाळा वरच्या वर बाहेर पडला, खाली गारवा साचत गेला.

पाचला व्याही आणि विहीणबाई आले. व्याही खांबाजवळच्या बाकावर बसले. काचेतून लख्ख ऊन दिसत होतं. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं, मग जमिनीकडे, मग मिस्त्रींकडे. पाव तासाने त्यांनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या आणि मनगटाची बटणं लावली. विहीणबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

"अहो," व्याही शेवटी म्हणाले, "हे जरा कमी होईल का?"

मिस्त्री या वाक्यासाठी अठरा वर्षं थांबले होते.

"बघतो," ते म्हणाले. "बटणच तर दाबायचं आहे."

आणि ते दाबायला सगळा चौक ओलांडून, अगदी सावकाश गेले.