नीतीच्या तासाला दांडी

मी बोलतोय, इकडे, फ्रिजच्या वर टांगलेला! कचेरीची भिंत सोडून स्वयंपाकघरात लटकणारा इतका रुबाबदार कागद तुम्ही पाहिला नसेल. अमेरिकेतल्या लाफायेट गावच्या क्लोटिल्ड ब्रुसार्डचं मी प्रगत प्रमाणपत्र. क्लोटिल्ड पॅरालीगल आहे, म्हणजे वकिलाची जाणकार सहायक. खटल्याची तयारी करायची तिनं, कोर्टात कोट घालून उभं राहायचं तिच्या वकील गिड्रीसाहेबांनी.

साधी परीक्षा तिनं कधीच पास केली होती. पण मृत्युपत्रं आणि वारसाहक्क यांत आणखी वरची पायरी गाठायची, असं तिच्या मनानं घेतलं. गम्बोसाठी, म्हणजे तिकडच्या दाट रश्शासाठी, पीठ परतता परतता ती अभ्यास करायची. कलम पाठ व्हायचं, पीठ करपायचं. तिची आई, युलालीबाई, म्हणायच्या, "पोरी, तुझ्या वारसांना आजही जळकंच का गं?"

मी घरी आलो तेव्हा मात्र त्याच बाईंनी अख्खी आळी गोळा केली. या घरात भिंतीवर तोवर फक्त संतांच्या तसबिरी आणि क्लोटिल्डच्या बाबांनी पकडलेला एक पेंढा भरलेला मासा, एवढेच टांगले गेले होते. आईला मी रोज दिसावं म्हणून क्लोटिल्डनं मला इथं लावलं.

पण आमच्या जातीला मुदत असते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी व्याख्यानं ऐकायची. कायद्याची व्याख्यानं ती आवडीनं ऐकायची. व्यावसायिक नीतीचं नाव काढलं की जांभई! आज ऐकू, उद्या ऐकू करता करता मुदत अंगावर आली आणि नीतीची पाटी कोरीच.

शेवटी शनिवारचं एक ऑनलाइन व्याख्यान सापडलं. नेमका त्याच दिवशी भावाच्या अंगणात उकडलेल्या झिंग्यांचा बेत! व्याख्यान चालू असताना पडद्यावर मधूनमधून 'तुम्ही आहात ना?' असं यायचं. बटण दाबलं तरच हजेरी.

"मम्मा, तेवढं बटण दाबशील?"

"आणि तू?"

"मी नुसती चव बघून येते."

युलालीबाई विणकाम घेऊन बसल्या. दोनदा त्यांनी इमानेइतबारे बटण दाबलं. मग सुया थांबल्या, कान टवकारले. वक्ता सांगत होता, "अशिलाची गोष्ट घरातसुद्धा बोलू नये. आणि दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावणं ही लबाडीच." तेवढ्यात पडद्यावर आलं, 'तुम्ही आहात ना?'

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

"क्लोटिल्ड इथं नाही," त्यांनी संगणकाला ठणकावून सांगितलं आणि तो बंदच करून टाकला.

क्लोटिल्ड बोटं चाटत परतली. "झालं ना गं?"

"माझं झालं. तुझं राहिलं."

"मम्मा! मंगळवारी मुदत संपतेय. उतरवावा लागेल तो कागद भिंतीवरून!"

"उतरव. तिथं बाबांचा मासा लावू. खोट्या हजेरीचा कागद बघत मी स्वयंपाक करणार नाही."

माझ्या काचेला घाम फुटला. क्लोटिल्डनं फ्रिजचं दार आपटलं, मी दोन बोटं वाकडा झालो. मग मला सरळ केलं आणि तिनं गिड्रीसाहेबांना फोन लावला. सोमवारी बॅटन रूज शहरात नीतीचा वर्ग होता, तिथं जातीनं हजर राहावं लागणार होतं.

"साहेब, सोमवारी सुट्टी हवीय. नीतीसाठी."

"अरे देवा! कधीपासून?"

तिनं झालेलं सगळं सांगून टाकलं. पलीकडून खो खो हसू. "जा बाई. आणि आईंना नोकरी हवी असेल तर विचार!"

ती गेली, पहिल्या रांगेत बसली, वहीभर लिहून आली. माझं नूतनीकरण झालं. त्या रात्री दोघी मायलेकी माझ्याखाली बसून जेवल्या.

सगळं छान आहे, पण एक वाईट झालं. पूर्वी जेवताना कचेरीतल्या भानगडी रंगायच्या. आता क्लोटिल्डनं नुसतं तोंड उघडलं, की युलालीबाई चमचा आपटतात, "अशिलाची गोष्ट? घरात? शू!" माझी करमणूकच संपली.

म्हणून हात जोडून सांगतो, मंडळी, नीतीचं व्याख्यान स्वतः ऐका. चुकूनसुद्धा आईला ऐकवू नका.